कमानीवरचे नाव : वर्गणीपासून प्रायोजकापर्यंत

सार्वजनिक गणेशोत्सव म्हटला की दोन गोष्टी हमखास डोळ्यांपुढे येतात. एक पावती पुस्तक आणि दुसरी मंडपाकडे नेणारी कमान. पावती पुस्तकात उत्सव ज्यांचा आहे त्यांची नावे असतात. कमानीवर उत्सव ज्याच्या पैशावर उभा आहे त्याचे नाव असते. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत पावती पुस्तक बारीक होत गेले आणि कमान मात्र मोठी होत गेली. हे कसे घडले आणि त्यात आपण काय मिळवले, काय गमावले, याचा थोडा मागोवा घ्यावा म्हणून हा लेख.

त्याला निमित्तही तसेच आहे. यंदाच्या पहिल्याच सभेत एका घरबांधणी कंपनीचा प्रस्ताव आपल्यापुढे आला, हे सभासदांना ठाऊक आहेच. तीन वर्षे मंडप, रोषणाई आणि ध्वनिव्यवस्थेचा सगळा खर्च कंपनी करणार. बदल्यात उत्सवाच्या नावाआधी कंपनीचे नाव, आरतीच्या पुस्तिकेवर तिचा लोगो आणि रोज संध्याकाळच्या आरतीआधी दहा मिनिटे तिच्या निवेदनासाठी. सभेत दोन्ही बाजूंनी बरेच बोलले गेले. "पैसे देतो तर नाव लावू द्या, त्यात बिघडले काय?" असे काहींचे म्हणणे. "बाप्पाच्या आधी कुणाचे नाव?" असे काहींचे. निर्णय सर्वसाधारण सभेवर सोपवण्यात आला. मी वर्गणी समितीत असल्याने आणि मला इतिहासाची थोडी आवड असल्याने, 'तुम्हीच याच्यावर लिहा' असे सर्वांनी सांगितले. वाद बाजूला ठेवून मी आधी इतिहास सांगतो. माझे मत शेवटी येईलच.

पावती पुस्तकाचा काळ

सार्वजनिक गणेशोत्सवाची सुरुवात पुण्यात 1892-93 च्या सुमारास झाली. भाऊसाहेब रंगारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा त्यात पुढाकार होता. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून या उपक्रमाचा जोरदार पुरस्कार केला आणि 1894 पासून उत्सवाला व्यापक रूप येत गेले. मुंबईत गिरगावातील केशवजी नाईक चाळीचा उत्सव 1893 चा. त्याआधी गणपती घरोघरी होता, सरदारांच्या वाड्यांत होता, पेशव्यांच्या शनिवारवाड्यात तर थाटामाटात होता. पण तिथला खर्च धन्याचा आणि मानही धन्याचाच. लोक दर्शनाला येत, प्रसाद घेत आणि जात.

सार्वजनिक उत्सवाने नेमका इथेच बदल केला. गल्लीतल्या, पेठेतल्या, चाळीतल्या माणसाने आपल्या ऐपतीप्रमाणे आणे-पैसे द्यायचे आणि त्यातून उत्सव उभा करायचा. या वर्गणीमुळे माणसाला उत्सवावर हक्क मिळाला. मेळ्यांत कोणती पदे गायची, व्याख्यानाला कोणाला बोलवायचे, हिशेब कुठे चुकला, हे विचारायची मुभा चार आणे देणाऱ्यालाही होती. परक्या सरकारच्या डोळ्यांदेखत मेळ्यांतून राजकीय पदे गायली गेली, कारण उत्सव कोणा एका धनिकाच्या मर्जीवर अवलंबून नव्हता. एकाच आश्रयदात्याला दटावून गप्प बसवणे सोपे असते. शे-दोनशे वर्गणीदारांना गप्प बसवणे तितके सोपे नसते.

त्याच काळातले दुसरे उदाहरण पैसा फंडाचे. अंताजी दामोदर काळे यांनी ही कल्पना गावोगाव फिरून रुजवली आणि टिळकांनी तिला पाठबळ दिले. प्रत्येकाने वर्षाला निदान एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा करावा, अशी ही योजना. तळेगाव दाभाड्याचा काच कारखाना 1908 मध्ये या पैशांतून सुरू झाला. कोण्या एका शेठजींचे नाव त्याला लागले नाही. 'पैसा फंड' हेच त्याचे नाव झाले. देणगीदार इतके होते की पाटीवर मावलेच नसते!

मुंबईच्या लालबागच्या राजाची गोष्टही अशीच. बाजाराला हक्काची जागा मिळावी म्हणून तिथल्या कोळी बांधवांनी आणि लहान विक्रेत्यांनी नवस केला आणि जागा मिळाल्यावर 1934 मध्ये गणपती बसवला. आज तिथे देशभरातून रांगा लागतात. पण त्याची मुळे मासळी आणि भाजी विकणाऱ्यांच्या वर्गणीत आहेत, हे विसरून चालणार नाही.

देवांची चित्रे आणि साबण

याचा अर्थ पूर्वी धंदा आणि देव अगदी वेगळे होते असा मात्र नाही. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रांनी घरोघरच्या भिंती भरल्या. ज्यांना देवळात प्रवेश नव्हता त्यांच्याही घरी देव आला, हे या छापखान्याचे मोठेच काम. पण थोड्याच काळात साबणवाल्यांना आणि बाळांच्या औषधवाल्यांना कळले की देवाच्या चित्राखाली आपले नाव छापले तर ते वर्षभर भिंतीवर राहते. मग दिनदर्शिका आल्या. मध्ये बाळकृष्ण आणि खाली ग्राइप वॉटर!

मराठी घरात आज 'कालनिर्णय' नसेल असे क्वचितच. जयंतराव साळगावकरांनी ते 1973 मध्ये सुरू केले. त्याच्या पानांवर जाहिराती असतात आणि त्याबद्दल आपण कधी तक्रार केलेली नाही. का बरे? कारण संकष्टी कधी हे पंचांग सांगते, जाहिरातदार सांगत नाही. जाहिरात आपल्या चौकटीत राहते. आपली ही स्मरणिकादेखील 'शुभेच्छुक' म्हणून येणाऱ्या जाहिरातींवरच निघते. डॉक्टर, किराणा दुकानदार, शिकवणीवाले, प्रवासी गाड्यांचे व्यावसायिक अशा सर्वांचे त्यात योगदान आहे. तेव्हा 'जाहिरात नकोच' असे म्हणणे खोटेपणाचे होईल. चौकट कुठे आखायची, एवढाच खरा प्रश्न आहे.

किर्लोस्करवाडीचा धडा

कंपनी आणि संस्कृती यांचे नाते चांगले असू शकते, याचे मराठीतले सर्वांत मोठे उदाहरण किर्लोस्करांचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे ते लोखंडी नांगरांकडे वळले. बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडलजवळचा माळ दिला आणि 1910 मध्ये तिथे कारखान्याबरोबर एक गावच वसले. घरे, शाळा, झाडे, पाणी सारे काही माळावर नव्याने उभे राहिले. लोक त्याला किर्लोस्करवाडी म्हणू लागले. पुढे रेल्वे स्थानकालाही तेच नाव मिळाले.

याच कारखान्याने 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' नावाचे पत्रक काढले. उद्देश सरळ व्यापारी होता. ग्राहकांना आणि विक्रेत्यांना कारखान्याची बातमी कळावी एवढाच. पण शंकरराव किर्लोस्करांच्या हाती त्याचे मासिक झाले, नावातली 'खबर' गळाली आणि 'किर्लोस्कर' उरले. 1930 मध्ये 'स्त्री' आले, 1934 मध्ये 'मनोहर'. विधवांचे प्रश्न, अंधश्रद्धा, बुवाबाजी, स्त्रीशिक्षण यांवर या मासिकांनी जे लिहिले ते अनेक वाचकांना झोंबणारे होते. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध 'किर्लोस्कर'मध्येच आले. नांगर विकणाऱ्या कंपनीने आपले काही ग्राहक दुखावतील असा मजकूर छापला! आजच्या एखाद्या ब्रँड मॅनेजरला हे सांगितले तर तो खुर्चीवरून पडेल.

त्याच किर्लोस्कर घराण्याची एक शाखा आपल्या या शहरातही आली. किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी 1946 मध्ये बेंगळुरूत स्थापन झाली आणि तिच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे इथे स्थिरावली. आयटीवाल्यांच्या कितीतरी आधी आलेली ही मंडळी. आपण त्यांच्यामागून आलो.

यातून मला दिसते ते असे. किर्लोस्करवाडी हे नाव कोणी लिलावात घेतले नव्हते. तिथे काम झाले, माणसे वसली आणि लोकांच्या तोंडी नाव आले. नाव मागाहून आले, काम आधी.

पेठांपासून मेट्रोपर्यंत

आता बेंगळुरूकडे वळू. केंपेगौडांनी 1537 मध्ये वसवलेल्या जुन्या पेठेत फिरलात तर नावे वाचत जा. अक्कीपेट म्हणजे तांदळाची पेठ, बळेपेट बांगड्यांची, अरळेपेट कापसाची, कुंभारपेट कुंभारांची, गाणिगरपेट तेल्यांची. व्यापाराची नावे आहेत, पण कोणा एका दुकानाचे नाव नाही. धंदा सगळ्यांचा, म्हणून नावही सगळ्यांचे.

1638 मध्ये विजापूरच्या फौजेने हे शहर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. मल्लेश्वरमचे काडु मल्लेश्वर मंदिर व्यंकोजीराजांनी बांधले असे परंपरा सांगते. कन्नडमध्ये 'काडु' म्हणजे रान. रानातला महादेव तो काडु मल्लेश्वर. त्याच मल्लेश्वरममध्ये एक रस्ता आहे, संपिगे रोड. संपिगे म्हणजे आपला सोनचाफा. 1 मार्च 2014 रोजी तिथे मेट्रो आली आणि स्थानकाचे नाव झाले 'मंत्री स्क्वेअर संपिगे रोड'. सोनचाफ्याच्या आधी मॉल!

गेल्या वर्षी, म्हणजे 10 ऑगस्ट 2025 रोजी, आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र ही पिवळी मार्गिका सुरू झाली. तिच्यावर 'इन्फोसिस फाउंडेशन कोनप्पन अग्रहार', 'बायोकॉन हेब्बगोडी' आणि 'डेल्टा इलेक्ट्रॉनिक्स बोम्मसंद्र' अशी स्थानके आहेत. यांतल्या पहिल्या स्थानकासाठी इन्फोसिस फाउंडेशनने 2018 मध्ये 200 कोटी रुपयांचा करार केला. हा पैसा सार्वजनिक वाहतुकीला लागला, हजारो लोकांचा प्रवास सुकर झाला, हे मान्य केलेच पाहिजे. अग्रहार म्हणजे तरी काय? विद्वानांना दान दिलेले गाव. दान आणि गावाचे नाव यांचा संबंध या भूमीला नवा नाही. शिवाय गावाचे नाव पुसलेले नाही, फक्त मागे गेले आहे.

मुंबईची भुयारी मेट्रो पाहा. तिथे 'कोटक बीकेसी' आहे, 'आयसीआयसीआय लोम्बार्ड सिद्धिविनायक' आहे आणि 'निप्पॉन इंडिया म्युच्युअल फंड आचार्य अत्रे चौक'ही आहे. अत्र्यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात 'मराठा' दैनिकातून भल्याभल्यांची भंबेरी उडवली. त्यांच्या नावाआधी म्युच्युअल फंड पाहून स्वतः अत्रे काय म्हणाले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी. सिद्धिविनायकाला विमा कंपनीचे नाव लागल्यावर मुंबईत राजकीय पक्षांनी निषेधही केला. मेट्रो चालवायला तिकिटाबाहेरचे उत्पन्न लागते, ही अडचण खरी आहे. पण बाप्पाच्या नावाला उपसर्ग लावताना कोणाला विचारले होते, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

उलट बाजूही सांगतो. बेंगळुरूचे 'मॅजेस्टिक' हे नाव कुठून आले? तिथल्या मॅजेस्टिक चित्रपटगृहावरून. गांधीनगरातल्या महाराष्ट्र मंडळात जायचे तर आजही आपण मॅजेस्टिकलाच उतरतो. मेट्रो स्थानकाचे अधिकृत नाव नाडप्रभू केंपेगौडा, पण रिक्षावाल्याच्या तोंडी मॅजेस्टिक. आपल्या बेळ्ळंदूरातही तेच. बाह्य वळण मार्गावर नवा माणूस पत्ता विचारतो तो इकोस्पेसचा. मागे काडुबीसनहळ्ळी आणि देवरबीसनहळ्ळी ही जुळी नावे आहेत, एकात रान आणि दुसऱ्यात देव. पण ऑफिसच्या कॅबमध्ये ती नावे उच्चारणारा चालकच असतो. लोकांनी आपणहून उचललेल्या नावाला माझी हरकत नाही. ते बोलीचे काम आहे. करारात लिहून लादलेल्या नावाची गोष्ट वेगळी. त्याला मुदत असते, दर असतो, आणि मुदत संपली की पाटी बदलते.

ब्रँडची आणखी एक खोड म्हणजे त्याला सगळीकडे सारखेच दिसायचे असते. पुण्यातले आणि बेळ्ळंदूरमधले कॉफीचे दुकान एकाच साच्यातून काढलेले. त्यात स्थानिक लिपी अडचणीची होते. म्हणून महाराष्ट्राला 2022 मध्ये दुकानांच्या मराठी पाट्यांसाठी कायद्यात बदल करावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये मुंबईच्या व्यापाऱ्यांना पाट्या बदलण्यास दोन महिन्यांची मुदत दिली. कर्नाटकानेही 2024 मध्ये पाटीचा 60 टक्के भाग कन्नडमध्ये असावा असा कायदा केला. काही जणांना इथला आग्रह खटकतो. पण मुंबईत मराठी पाटीसाठी टाळ्या वाजवायच्या आणि बेंगळुरूत कन्नड पाटीला नाक मुरडायचे, हे आपल्याला शोभत नाही. आपल्या मंडपाची पाटी कन्नड आणि मराठी दोन्ही लिपींत असते याचा मला अभिमान वाटतो.

छातीवरचे नाव

क्रिकेटचे उदाहरण तर सर्वांच्या ओळखीचे. 1996 चा विश्वचषक 'विल्स' या सिगारेटच्या नावाने खेळला गेला. भारतीय खेळाडूंच्या छातीवरही पुढे 2001 पर्यंत तेच नाव होते. त्यानंतर तिथे सहारा आली. 2019 मध्ये बायजूज ही आपल्या बेंगळुरूचीच कंपनी आली. 2023 मध्ये ड्रीम 11 आली. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला आणि ते नावही उतरले. बायजूजविरुद्ध तर क्रिकेट मंडळाच्याच 158 कोटींच्या थकबाकीवरून जुलै 2024 मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. आपल्यातले कितीतरी जण त्या क्षेत्रात काम करतात. कंपनीचे नाव कसे चढते आणि किती लवकर उतरते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

2008 मध्ये आयपीएल सुरू झाली तेव्हा आपल्या शहराच्या संघाला एका व्हिस्कीच्या नावावरून नाव मिळाले. दूरचित्रवाणीवर दारूची जाहिरात करायला बंदी, पण संघाचे नाव मात्र लहान मुलेही छातीवर मिरवू लागली. 18 व्या हंगामात, 3 जून 2025 रोजी संघ जिंकला. आनंद खराच होता, माझ्या घरीही फटाके वाजले. दुसऱ्या दिवशी विधानसौधाच्या पायऱ्यांवर सरकारने सत्कार केला आणि चिन्नस्वामी मैदानाच्या दारात चेंगराचेंगरीत 11 माणसे गेली. बहुतेक तरुण होती. जबाबदारी कोणाची, हे ठरवणे न्यायसंस्थेचे काम आहे, त्यात मी पडत नाही. पण एक गोष्ट मनात राहते. एका खासगी संघाच्या विजयाला शहराचा सण म्हटले गेले. सण म्हटला की रांगा कोण लावणार, पाणी कोण देणार, दारे कधी उघडणार, हे ठरवणारे स्वयंसेवक लागतात. आपल्या मंडळात विसर्जनाच्या आधी दोरी धरायला कोण, ट्रॅक्टरपुढे कोण, याच्या दोन-दोन सभा होतात. तो कंटाळवाणा तपशील म्हणजेच सार्वजनिक उत्सव. ब्रँडने गर्दी जमवता येते, पण गर्दी सांभाळायला माणसे लागतात.

फलकांनी तर अक्षरशः जीव घेतले आहेत. घाटकोपरला 13 मे 2024 रोजी वादळात जो फलक कोसळला तो 120 फूट लांब आणि तितकाच उंच होता. परवानगीची मर्यादा होती 40 बाय 40 फुटांची. पेट्रोल पंपावर थांबलेली 17 माणसे त्यात गेली. पुण्यात ऑक्टोबर 2018 मध्ये जुन्या बाजारापाशी फलक पडून चौघे दगावले. आपल्या बेंगळुरूत ऑगस्ट 2018 मध्ये उच्च न्यायालयाने कान उपटल्यावर पालिकेने हजारो फ्लेक्स उतरवले आणि फलकांवर बंदीचा ठराव केला. ते दिवस आठवतात का? आकाश एकदम मोठे झाल्यासारखे वाटले होते.

कायदा काय सांगतो

सभेत एक मुद्दा वारंवार आला : "आमच्या कंपनीचे सीएसआरचे पैसे आणू की!" याबद्दल थोडे स्पष्टीकरण हवे. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. 1 एप्रिल 2014 पासून हे लागू आहे. कला, संस्कृती आणि वारसा यांचे जतन त्या कामांच्या यादीत आहे. परंतु जानेवारी 2021 च्या सुधारित नियमांत साफ म्हटले आहे की आपल्या मालाची किंवा सेवेची जाहिरात व्हावी म्हणून दिलेले प्रायोजन सीएसआरमध्ये धरता येणार नाही. म्हणजे कमानीवर लोगो हवा असेल तर तो कंपनीचा जाहिरात खर्च. सामाजिक जबाबदारी म्हणून पैसे द्यायचे असतील तर तिथे जाहिरातीचा हिशेब नको. हा भेद कायद्याने केला आहे, आपणही तो करायला हरकत नसावी.

फेसावर कुणाचे नाव नाही

शेवटी आपल्या दाराशी येऊ. बेळ्ळंदूरचे तळे सुमारे 900 एकरांचे, शहरातले सर्वांत मोठे. 2017 च्या फेब्रुवारीत त्याला आग लागली, 2018 च्या जानेवारीत पुन्हा लागली आणि ती विझवायला लष्कराचे जवान आणावे लागले. पाण्याला आग लागते हे जगाने बेळ्ळंदूरमुळे पाहिले! पावसाळ्यात रस्त्यावर येणारा पांढरा फेस आपण सर्वांनी पाहिला आहे. शहराचे न शुद्ध केलेले सांडपाणी आणि त्यातले साबण-डिटर्जंटचे अंश हे त्याचे कारण. डिसेंबर 2018 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने राज्य सरकारला 50 कोटींचा दंड केला.

आता गंमत अशी की, साबणाच्या प्रत्येक पुड्यावर नाव असते, दूरदर्शनवर गाणे असते, पण तोच साबण फेस होऊन तळ्यावर आला की त्यावर कोणाचेच नाव नसते. इमारतीला टेक पार्कचे नाव असते, तिच्या मागच्या नाल्याला नसते. ब्रँड नेहमी कमानीवर असतो. गटार, कचरा, विसर्जनानंतरचे निर्माल्य हे सारे 'सार्वजनिक' असते. सार्वजनिक या शब्दाचा मान असा खाली आला आहे. टिळकांच्या काळी त्या शब्दात 'आपल्या सर्वांचे' असे होते. आज त्याचा अर्थ 'कोणाचेच नाही' असा होऊ पाहत आहे. मला वाटते, उत्सवापेक्षाही या शब्दाची काळजी करायला हवी.

आपल्यापुरते

तर प्रस्तावाचे काय? माझे मत स्पष्टच सांगतो. पैशाची गरज आहे. मंडपाचे दर दरवर्षी वाढतात आणि ध्वनिव्यवस्था, विमा, परवानग्या यांचा खर्च आपल्या कोषाध्यक्षांना विचारा. कंपन्यांकडून जाहिरात घ्यावी, स्मरणिकेत पानभर घ्यावी, आभाराच्या फलकावर सर्वांबरोबर नाव लावावे, त्यात कमीपणा नाही. पण तीन गोष्टी विक्रीला ठेवू नयेत : उत्सवाचे नाव, आरतीची वेळ आणि मुलांच्या कार्यक्रमाचा रंगमंच. आणि एकाच देणगीदाराकडून एकूण खर्चाच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक रक्कम घेऊ नये, असा ठराव करावा. कंपनी वाईट आहे म्हणून मी हे म्हणत नाही. तीन वर्षांनी तिचे बजेट कापले गेले तर आपल्याला पुन्हा वर्गणी मागायची सवयच राहिलेली नसेल, म्हणून म्हणतो.

वर्गणी समितीत काम करताना मी पाहिले आहे की फ्लॅटमालक ऑनलाइन पैसे पाठवून मोकळे होतात. पण आपल्या संकुलातले रात्रपाळीचे रखवालदार, घरकाम करणाऱ्या मावशी, कोपऱ्यावरचा भाजीवाला हे वीस-पन्नास रुपये देतात आणि पावती घडी करून खिशात ठेवतात. त्यांतले काही कन्नड आहेत, काही तेलुगू, काही ओडिया, काही बिहारचे. मागच्या वर्षी एका मावशींनी मला विचारले, "भाऊ, प्रसादात यंदा शिरा का नाही केला?" मला फार बरे वाटले. वीस रुपयांच्या पावतीवर त्यांनी हक्काने जाब विचारला होता. सगळा खर्च एकाच कंपनीने केला तर पावती पुस्तकच लागणार नाही, आणि मग शिऱ्याबद्दल कोण कोणाला विचारणार?

1893 मध्ये आणे-पैसे देऊन लोकांनी जे मिळवले ते हेच, विचारायचा हक्क. तो प्रायोजकाला देऊन टाकण्याइतका स्वस्त नाही. सर्वसाधारण सभेला सर्वांनी अवश्य यावे, आपले मत मांडावे आणि येताना यंदाची पावतीही फाडून घ्यावी, ही नम्र विनंती.

गणपती बाप्पा मोरया!